अठरा इंचांचा पल्ला

संगणकाच्या इतिहासात आजवर ज्यांचा गौरव झाला ती बहुतेक गणन करणारी यंत्रे आहेत. माहिती एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात सुखरूप पोचवण्याचे काम ज्या तारांनी, चिपांनी आणि लेखी संकेतांनी केले, त्यांच्या वाट्याला बखरकार आला नाही. हार्ड डिस्कसाठी बांधलेल्या कंट्रोलरशी सीडी-रॉम ड्राइव्हची गाठ १९९० नंतरच्या दशकात घातली गेली, आणि त्या गाठीतून जी माहिती गळत राहिली तिचा माग काढण्यात तंत्रज्ञांच्या एका पिढीचे कसब खर्ची पडले. त्या शोधाची हकीकत लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते. कारण फिर्याद एकावर आणि कसूर भलत्याचाच, असे या मामल्यात इतक्या वेळा घडले आहे की दोषशोधनाची कला ज्यांना शिकायची आहे त्यांनी प्रथम हाच अध्याय वाचावा.

सीडी या तबकडीचा जन्म संगीतासाठी झाला. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० साली तिचे मानक निश्चित केले आणि १९८२ च्या ऑक्टोबरात ती जपानच्या बाजारात आली. ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि दोन वाहिन्या, असा हिशेब धरून तबकडीवरील माहितीचे सेकंदाला ७५ खंड पाडण्यात आले व प्रत्येक खंडाच्या वाट्याला २३५२ बाइट आले. संगीतातील एखादा नमुना ओरखड्यामुळे नाहीसा झाला तर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अदमासाने तो भरून काढता येतो आणि कानाला त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु बँकेच्या खात्यातील एखादा आकडा किंवा आज्ञावलीतील एखादे अक्षर अशा रीतीने अदमासाने भरता येत नाही. म्हणून माहितीसाठी वापरायच्या तबकडीवर त्याच २३५२ बाइटांपैकी केवळ २०४८ मूळ माहितीला दिले गेले. १२ बाइट खंडाचा आरंभ ओळखण्यास, ४ त्याचा पत्ता सांगण्यास, ४ चूक झाली की नाही हे पाहण्यास, ८ रिकामे, आणि तब्बल २७६ बाइट झालेली चूक दुरुस्त करण्यास राखून ठेवण्यात आले. संगीताच्या तबकडीतील मूळची दुरुस्तीची योजना याखाली होतीच. चौऱ्याहत्तर मिनिटांच्या तबकडीवरील सर्पिल रेषा उलगडली तर ती पाच किलोमीटरांहून अधिक भरते, आणि एवढ्या लांबीच्या मार्गावर असा दुहेरी पहारा बसवणाऱ्या अभियंत्यांच्या दूरदृष्टीविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु हा पहारा ड्राइव्हच्या पेटीतच संपतो. खंड वाचून, तपासून, लागल्यास दुरुस्त करून ड्राइव्ह रक्षणाचे सर्व बाइट काढून टाकतो आणि उरलेले २०४८ बाइट चाळीस तारांच्या चपट्या केबलवरून कंट्रोलरकडे पाठवतो. या केबलची लांबी मानकाप्रमाणे अठरा इंचांहून, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटरांहून, अधिक असू नये. आणि प्रारंभीच्या वर्षांत या अठरा इंचांवर माहितीच्या रक्षणाची तजवीज मुळीच नव्हती. पाच किलोमीटरांच्या वाटेवर कडेकोट बंदोबस्त आणि अखेरच्या अठरा इंचांवर मोकळे रान, अशी ही विपरीत स्थिती होती. पुढे जे जे बिघाड उद्भवले त्यांतील अत्यंत घातकी बिघाड या शेवटच्या पल्ल्यातच दबा धरून बसलेले होते.

हे असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आयबीएमचा पीसी-एटी हा संगणक १९८४ साली आला तेव्हा त्याच्या डिस्क कंट्रोलरशी बोलण्यासाठी आठ रजिस्टरांचा एक गट ठरून गेला. दोन वर्षांनी कंट्रोलरचा बराचसा भाग खुद्द हार्ड डिस्कवरच बसवण्याची पद्धत सुरू झाली, तरी ती आठ रजिस्टरे आणि त्यांची वहिवाट जशीच्या तशी राहिली. त्या वहिवाटीत तीन गोष्टी गृहीत होत्या : डिस्क कधी काढली जात नाही, माहिती नेहमी ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांत येते, आणि मागणी केल्यापासून काही सहस्रांश सेकंदांत उत्तर मिळते. सीडी-रॉम ड्राइव्ह यांपैकी एकही अट पाळू शकत नव्हता. म्हणून आरंभी सोनी, मित्सुमी आणि पॅनासॉनिक यांनी आपापल्या ड्राइव्हसाठी स्वतंत्र जोडण्या काढल्या, ज्या पुष्कळदा साउंड कार्डावरच बसवलेल्या असत. आणि ज्यांना खर्च परवडे ते १९८६ साली मानक ठरलेल्या स्कझी या अधिक शिस्तबद्ध पद्धतीकडे वळत. परंतु घरगुती संगणकाला स्वस्त ड्राइव्ह हवा होता आणि हार्ड डिस्कची जोडणी बहुतेक संगणकांत आयतीच होती. तेव्हा स्मॉल फॉर्म फॅक्टर नावाच्या समितीने एसएफएफ-८०२० हा दस्तऐवज तयार करून अटापी नावाची तडजोड घडवून आणली, जी १९९८ साली मुख्य मानकात विलीन झाली. हार्ड डिस्कच्या वाड्यात सीडी-रॉम ड्राइव्ह पोटभाडेकरू म्हणून राहायला आला तो असा.

या तडजोडीचे स्वरूप जवळून पाहण्याजोगे आहे. समजा, यंत्राला तबकडीवरील एक खंड हवा आहे. प्रथम आज्ञेच्या रजिस्टरात षोडशमान पद्धतीतील ए० हा अंक लिहिला जातो; त्याचा अर्थ एवढाच, की खरी आज्ञा मागून पाकिटात येत आहे. ड्राइव्ह आपण कामात असल्याची खूण वर करतो, मग ती खाली करून पाकीट स्वीकारण्यास सिद्ध असल्याचे दर्शवतो, आणि यंत्र सोळा बिटांचे सहा शब्द, म्हणजे १२ बाइट, त्याच्या स्वाधीन करते. त्यांतील पहिला बाइट कामाचे नाव सांगतो आणि पुढचे बाइट कोणत्या खंडापासून किती खंड वाचायचे हे सांगतात. येथून पुढे वाट पाहणे आले. तबकडी स्थिर असेल तर ती फिरून वेगास येण्यासच काही सेकंद लागतात. माहिती हाती आली की ड्राइव्ह इंटरप्टच्या तारेवरून इशारा देतो. तो मिळताच यंत्राने स्थितीचे रजिस्टर पाहायचे, इशाऱ्याचे कारण सांगणारे रजिस्टर पाहायचे, आणि मग किती बाइट उचलायचे ते सांगणारी दोन रजिस्टरे वाचायची. एका वेळी जास्तीत जास्त किती घेता येईल हे यंत्राने आधी कळवलेले असते, पण त्या मर्यादेच्या आत प्रत्यक्ष किती द्यायचे हे ड्राइव्ह ठरवतो. आणि जुन्या सवयीने ५१२ चे ठोकळे उचलणाऱ्या ड्रायव्हरांना, म्हणजे ड्राइव्हशी बोलणाऱ्या आज्ञावलींना, पहिली ठेच नेमकी या ठिकाणी लागली. ड्राइव्हने २०४८ बाइट पुढे केले आणि यंत्राने ५१२ उचलून हात मागे घेतला, तर उरलेले १५३६ बाइट कोणी घेईपर्यंत ड्राइव्ह तसाच ताटकळत राहतो आणि पुढची आज्ञा स्वीकारत नाही. उलट यंत्राने ठरल्यापेक्षा अधिक शब्द उचलले तर माहितीच्या शेपटाला कचरा लागून येतो.

या वर्गातील बिघाडांत सुखाची गोष्ट एवढीच, की ते लपून राहत नसत. संगणक सुरू करताना ड्राइव्ह सापडलाच नाही, तर त्याचे कारण पुष्कळदा असे असे, की हार्ड डिस्क सुरुवातीलाच सज्जतेची खूण दाखवते आणि अटापीचा ड्राइव्ह पहिले पाकीट येईपर्यंत ती दाखवत नाही. तो आपली ओळख दोन रजिस्टरांत १४ आणि ईबी हे षोडशमान अंक ठेवून पटवतो, आणि ज्या जुन्या बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या आज्ञावलीला, ही ओळख ठाऊक नसे तो जागा रिकामी समजून पुढे जाई. नवी तबकडी घातल्यावर पहिलीच आज्ञा फसली, तर तो दोष नसून शिष्टाचार असे. तबकडी बदलली असण्याचा संभव आहे हे यंत्राला कळावे म्हणून ड्राइव्हने पहिली आज्ञा मुद्दाम नाकारायची असते, आणि कारण विचारल्यावर ते सांगायचे असते. ज्या ड्रायव्हराने कारण न विचारताच तक्रार नोंदवली, त्याने निरपराध ड्राइव्हला दोषी ठरवले.

मानक एक असले तरी ते पाळणारे अनेक होते, आणि प्रत्येकाने त्याचा आपल्या सोयीने अर्थ लावला. लिनक्सच्या सीडी-रॉम ड्रायव्हराचा जुना मजकूर जो कोणी वाचील त्याला या काळाचे दप्तरच उघडल्यासारखे वाटेल. एनईसी कंपनीच्या एका ड्राइव्हची विशिष्ट आवृत्ती गाण्यांच्या आरंभाचे पत्ते साध्या द्विमान अंकांत न देता दशमान अंकांच्या जोड्यांत देते, अशी नोंद तिथे आहे. व्हर्टोसच्या काही ड्राइव्हांविषयीही तशाच नोंदी आहेत. पाकीट मागताना काही ड्राइव्ह इंटरप्ट देत, काही न देताच वाट पाहत. इशाऱ्याचे कारण आणि प्रत्यक्ष स्थिती यांचा मेळ बसला नाही म्हणजे तोच ड्रायव्हर ‘ड्राइव्ह गोंधळलेला दिसतो’ अशा आशयाचा संदेश पडद्यावर टाकी. मला या संदेशात मोठे सौजन्य दिसते. ‘बिघडला’ असा निकाल न देता ‘दिसतो’ एवढेच तो म्हणतो, आणि तपास पुढे चालू ठेवण्यास वाव देतो.

आपल्याकडे या तपासाचे केंद्र बाजार होते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग, आणि पुण्यातील बुधवार पेठेची तपकीर गल्ली, येथे सुटे भाग घेऊन संगणक जुळवून देण्याचा व्यवसाय त्या दशकात भरभराटीस आला. मदरबोर्ड एकाचा, हार्ड डिस्क दुसऱ्याची, सीडी ड्राइव्ह तिसऱ्याचा, आणि केबल जी हाताला लागेल ती. अशा यंत्रात कंट्रोलर आणि ड्राइव्ह यांची पहिली भेट दुकानाच्या फळीवरच होई. पार्ट बदलून पाहणे ही तिथली तपासाची रीत. ती ओबडधोबड वाटली तरी तिच्यात तर्कशास्त्राचे एक मूलतत्त्व होते, ते असे, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी केबल, मग एका केबलवरील पहिले-दुसरे उपकरण ठरवणारा जंपर मास्टरवरून स्लेव्हवर, मग ड्राइव्ह दुसऱ्या चॅनेलवर, म्हणजे दुसऱ्या केबलवर, आणि सर्वांत शेवटी ड्राइव्ह नवा. ड्राइव्ह दुसऱ्या चॅनेलवर नेताच पुष्कळ बिघाड नाहीसे होत, आणि ते का, याचे उत्तर चिपांच्या इतिहासात सापडते : इंटेलच्या १९९५ च्या पीआयआयएक्स चिपमध्ये एका केबलवरील दोन्ही उपकरणांना वेगाचे एकच गणित लावावे लागे, आणि स्लेव्हसाठी निराळे रजिस्टर पुढच्या, पीआयआयएक्स-३ या, आवृत्तीत आले. तोवर एकाच केबलवर नांदणाऱ्या जोडीत एक तर हार्ड डिस्क मंदावे किंवा सीडी ड्राइव्हला न झेपणारा वेग सोसावा लागे.

आता त्या प्रकरणाकडे येतो, ज्याने या सर्व तपासाला गांभीर्य आणले. पेंटियमच्या आरंभीच्या काळातील अनेक मदरबोर्डांवर पीसी-टेक कंपनीची आरझेड-१००० किंवा सीएमडी कंपनीची ६४० ही कंट्रोलर चिप बसवलेली होती. दोन्हींत वेग वाढवण्यासाठी पूर्ववाचनाची सोय होती, म्हणजे यंत्राने पुढचा शब्द मागण्यापूर्वीच चिप तो ड्राइव्हकडून घेऊन आपल्याजवळ तयार ठेवी. योजना उत्तम, पण माहितीचे हस्तांतरण चालू असताना मध्येच इंटरप्ट आला, किंवा त्याच वेळी फ्लॉपीचे काम निघाले, की हा हिशेब बिघडे आणि यंत्राच्या हाती चुकीचे बाइट पडत. सीएमडी-६४० मध्ये याखेरीज आणखी एक उणीव होती : तिचे दोन चॅनेल एकाच वेळी निर्धास्तपणे वापरता येत नसत. डॉस एका वेळी एकच काम करणारी प्रणाली असल्याने तिच्याखाली हे दोष बहुधा निद्रिस्त राहिले. ओएस-२, विंडोज ९५ आणि लिनक्स अनेक कामे एकदम चालवू लागताच ते जागे झाले, आणि १९९५ साली या चिपांचे नाव सर्वतोमुखी झाले.

या दोषाचे भय अशासाठी, की तो बोलत नसे. पडद्यावर तक्रार नाही, ड्राइव्हच्या स्थितीत चुकीची खूण नाही, तबकडीवरचे २७६ बाइट आपले कर्तव्य चोख बजावून मोकळे झालेले. आणि तरीही प्रतीतील काही बाइट मुळाहून भिन्न. चित्रात एखादा ठिपका बदलला तर कोण पाहतो? संकुचित करून ठेवलेली फाइल मात्र उघडताना अडखळे, आणि मग वापरणारा म्हणे, सीडी खराब आहे. ती दुसऱ्या संगणकात घालावी तर निर्वेध चाले. अशा वेळी ज्यांनी एकच फाइल दोनदा उतरवून दोन्ही प्रतींची बाइट-बाइट रुजुवात केली, आणि दोन वेळा दोन निरनिराळ्या जागी फरक सापडतो हे पाहिले, त्यांनाच सत्याचा धागा गवसला. कारण तबकडी खराब असती तर चूक बहुधा त्याच त्या जागी दिसती. लिनक्सचा उपाय मला अनुकरणीय वाटतो. आरझेड-१००० आढळताच तो पूर्ववाचन बंद करून टाकी, आणि सीएमडी-६४० वर पूर्ववाचन चालू असेल तर हस्तांतरणाच्या मध्ये इतर इंटरप्टांना शिरू देत नसे. यामुळे डिस्कचा वेग काही टक्क्यांनी कमी होईल पण काम पूर्ण भरवशाचे होईल, असे आरझेड-१००० च्या बाबतीत त्याच्या मदतीच्या मजकुरात स्वच्छ लिहून ठेवले आहे. वेगाच्या जाहिरातींनी भारलेल्या त्या दशकात असे लिहिण्यास धैर्य लागले असेल.

पुढे प्रत्येक शब्द प्रोसेसरने स्वतः वाहून नेण्याची पद्धत मागे पडून डीएमए आले, ज्यात कंट्रोलर माहिती थेट स्मृतीत मांडतो. अल्ट्रा डीएमएबरोबर केबलवरील माहितीची शहानिशा करणारा सीआरसी प्रथमच आला आणि अठरा इंचांवर अखेर चौकी बसली. परंतु चौकीने चूक पकडणे आणि चुकीचे मूळ सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विंडोज २००० आणि एक्सपी यांच्यात अशा चुका किंवा मुदत उलटल्याचे प्रसंग सहा भरले, की प्रणाली निमूटपणे वेग उतरवत अखेर डीएमए सोडून जुन्या मंद पद्धतीवर येई. एखादी ओरखडे पडलेली तबकडी वाचताना ड्राइव्ह रेंगाळला एवढे कारणही त्यास पुरे होई; आणि मग चांगल्या तबकड्याही सावकाश चालू लागत, गाणे अडखळे, लेखन चालू असलेली कोरी सीडी वाया जाई, आणि मालक ड्राइव्ह म्हातारा झाला असे समजून नवा घेई. वास्तविक त्या चॅनेलची नोंद काढून संगणक पुन्हा सुरू केला असता तर जुनाच ड्राइव्ह पूर्ववत चालला असता.

जेफ गार्झिक यांनी सुरू केलेल्या लिनक्सच्या लिबाटा या आज्ञावली-संग्रहात या काळातील एक बोधप्रद नियम आहे. ज्या मागणीतील बाइटांना १६ ने निःशेष भाग जात नाही ती अटापीच्या ड्राइव्हकडे डीएमएने पाठवू नये, कारण पुष्कळ ड्राइव्ह अशा मागणीने गुदमरतात, असा तो नियम. या निर्णयापर्यंत येणे किती कठीण असेल याचा विचार करावा. माहितीचा खंड २०४८ बाइटांचा, त्यास १६ ने भाग जातो. संगीताचा खंड २३५२ चा, त्यासही जातो. म्हणून शेकडो मेगाबाइट बिनबोभाट येत. आणि चुकीचे कारण विचारणारी १८ बाइटांची किंवा ड्राइव्हचे नाव विचारणारी ३६ बाइटांची किरकोळ पृच्छा करताच तोच ड्राइव्ह अडून बसे. मोठे ओझे पेलणारा लहान ओझ्याखाली कोसळतो, हे कोणाच्या ध्यानात सहजी यावे?

साटा मानक २००३ च्या आरंभी आले तेव्हा चपटी केबल जाऊन बारीक तार आली, परंतु तडजोडीचा इतिहास संपला नाही. प्रारंभीच्या कित्येक साटा कंट्रोलरांना पाकिटातील आज्ञा कळतच नसत. काही ड्राइव्हांत आत जुनीच यंत्रणा ठेवून बाहेर दुभाषी चिप बसवलेली असे, आणि तिला माहिती कोणत्या दिशेने जाणार हे आगाऊ सांगावे लागे. ते सांगण्यासाठी मानकात एक बिट नव्याने घालावा लागला. इंटेलने २००६ च्या आयसीएच-८ चिपमधून जुनी जोडणी काढून टाकल्यावर मदरबोर्ड करणाऱ्यांनी सीडी ड्राइव्हसाठी दुसऱ्या कंपन्यांच्या चिपा लावल्या, आणि त्यातून एक विलक्षण अवस्था उद्भवली : बायोसच्या मदतीने सीडीवरून सुरू झालेली स्थापनेची आज्ञावली, स्वतःचा ड्रायव्हर हाती घेताच, ती ज्या सीडीवरून आली तीच सीडी सापडत नाही म्हणून थांबे.

आज नव्या संगणकांत हा ड्राइव्ह क्वचितच दिसतो आणि ही विद्याही विस्मरणात चालली आहे. परंतु त्या वर्षांत भरलेल्या सीडी घरोघरी, कार्यालयांत आणि ग्रंथालयांत अजून आहेत, आणि त्यांवरील छायाचित्रे, हिशेब व हस्तलिखितांच्या प्रती अनेकदा अन्यत्र कोठेही नाहीत. ज्यांच्या कपाटात अशा तबकड्या असतील त्यांनी त्या आता उतरवून घ्याव्यात. उतरवताना प्रत्येक तबकडी दोन निरनिराळ्या ड्राइव्हांवर, शक्य तर दोन निरनिराळ्या संगणकांवर, वाचावी. आणि दोन्ही प्रतींची बाइट-बाइट रुजुवात झाल्यावाचून मूळ तबकडी टाकून देऊ नये.